‘प्रीॲम्प उपटून फेका’ : हा सल्ला देण्याआधी बेस उघडून पाहिला होता का?

मंद्रसप्तक : काल एका सदस्यांनी इथे बेस गिटारबद्दल लिहिले, की ‘बॅटरीवरचा बेस म्हणजे नकली आवाज, प्रीॲम्प उपटून फेका, अर्ध्या तासाचे काम आहे.’ प्रीॲम्प म्हणजे बेसमध्येच बसवलेला, बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर. यावर गप्प बसवत नाही. पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीविना चालणारा, असून पुढे फक्त प्रीॲम्प जोडलेला असेल, तर तो काढून थेट व्हॉल्यूम-टोनची जोडणी करता येते, हे मान्य. पण ईएमजी कंपनीच्या ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवरच्या, पिकअपमध्ये ॲम्प्लिफायर कवचाच्या आतच असतो. तिथे बॅटरी काढली की बेस मुका होतो. मग पिकअपही बदला आणि २५ किलोओहमचे पॉटही (खुंट्यांखालचे बदलते रोधक), कारण पॅसिव्ह पिकअपना २५० किंवा ५०० किलोओहमचे पॉट लागतात. जुनेच पॉट ठेवले तर बेस घोंगडीखालून वाजल्यासारखा येतो, आणि त्यालाच मंडळी ‘उबदार’ म्हणतात.

सोल्डरवाला : ते लिखाण माझे. पॉट बदलायचे असतात, हे इथे शिकवावे लागेल असे वाटले नव्हते. १९५१ चा फेंडर प्रिसिजन आणि १९६० चा जॅझ बेस बॅटरीविनाच आले आणि त्यांच्या आवाजाबद्दल आजवर कोणी रडलेले नाही. माझ्या बेसची बॅटरी मात्र ऐन कार्यक्रमात बसली. आधी आवाज फाटू लागला, मग खालचे स्वर नुसते पुटपुटू लागले आणि ढोलकीवाला माझ्याकडे वळून पाहू लागला. आता दोन व्हॉल्यूम, एक टोन आणि ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर यांवर माझे उत्तम चालले आहे.

खर्जातला : बॅटरी बसली, की आपण बसवलीत? केबल खोचली की जॅकमधून बॅटरीचे सर्किट पूर्ण होते. रात्रभर केबल तशीच ठेवणाऱ्याने प्रीॲम्पला दोष देऊ नये. शिवाय बेस पॅसिव्ह झाला की केबलही सर्किटचा भाग होते. तिची कपॅसिटन्स साधारण मीटरमागे १०० पिकोफॅरड धरली, तर दहा मीटरला एक नॅनोफॅरड होतो आणि आवाजातली धार तिथेच बोथट होते.

मिक्सरमागचा : केबलचे राहू द्या, डीआय बॉक्सचे, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीचे, बोला. पॅसिव्ह बेस शे-दीडशे किलोओहमच्या पॅसिव्ह डीआयला लावला की तो दबतो, म्हणून आम्ही मेगाओहमचा ॲक्टिव्ह डीआय देतो, आणि तो मिक्सरच्या ४८ व्होल्टवर चालतो. म्हणजे वीज नको म्हणून यांनी बेसमधून काढलेला प्रीॲम्प आम्ही पायाशी ठेवून द्यायचा, वर ‘शुद्ध आवाज’ म्हणून कौतुकही करायचे!

सोल्डरवाला : मिक्सरचे ४८ व्होल्ट दुसऱ्या गाण्यात संपत नाहीत, एवढा फरक आपल्या लक्षात यायला हरकत नव्हती.

मिक्सरमागचा : फरक लक्षात आहे. दोन गाण्यांच्या मध्ये गुपचूप बासची, म्हणजे खालच्या स्वरांची, खुंटी पूर्ण फिरवणारे ॲक्टिव्हवाले मी रोज सोसतो, त्यामुळे खरे तर मी आपल्याच बाजूचा आहे. फक्त ‘शुद्ध’ हा शब्द मागे घ्या.

खर्जातला : म्हणजे एकाच्या बोटांना शिस्त नाही म्हणून सर्वांचे इक्यू (खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणाऱ्या खुंट्या) काढायचे? ज्या सभागृहात खालचे स्वर घुमतात, तिथे वाजवता वाजवता बास कमी करता येणे ही चैन नव्हे. पॅसिव्ह टोनची खुंटी फक्त वरचे कापते. घुमणाऱ्या खर्जाचे काय करायचे ते सांगा.

मिक्सरमागचा : ते माझे काम आहे, आणि ते मला करू द्यावे, एवढीच विनंती.

मंद्रसप्तक : डीआय आणि खुंट्यांच्या भांडणात घरघर थांबवणारी ग्राउंडची तार सर्वच विसरले. ईएमजी बसवलेल्या अनेक बेसमध्ये ब्रिजपर्यंत (वाद्याच्या तारा जिथे टेकतात त्या भागापर्यंत) ही तार गेलेलीच नसते, कारण तिथे तिची गरज नसते. माझ्या मित्राने पॅसिव्ह पिकअप बसवले आणि वाजवायच्या तारांना हात लावला तरी घरघर थांबेना. शेवटी सर्किटच्या पोकळीतून ब्रिजखालपर्यंत लाकडात तिरके छिद्र पाडावे लागले; लांब ड्रिल जरा वर निसटले असते तर पृष्ठभागातून बाहेर आले असते. हेच ते आपले अर्ध्या तासाचे काम.

सोल्डरवाला : ठीक आहे, ग्राउंडचा मुद्दा घेतला, माझ्या लिखाणात अर्ध्या तासाच्या जागी ‘एक रविवार’ असे वाचावे. ‘नकली’ हा शब्द मात्र मागे घेणार नाही.

खर्जातला : घेऊ नका. फक्त काढलेल्या प्रीॲम्पच्या तारांना चिठ्ठ्या लावून ठेवा, परत बसवताना लागतील.