मदत हवी आहे : गावातल्या बाळंतिणींसाठी आठवड्याची बैठक सुरू करायची आहे

नमस्कार मंडळी,

मी माण तालुक्यातल्या (जि. सातारा) एका गावात बचत गटाचं काम बघते. गावातल्या बाळंतिणींना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायचं असं आमच्या गटानं ठरवलंय. खाणंपिणं, व्यायाम, झोप, मनातलं दोन शब्द बोलणं, सगळं तिथे व्हावं. कोणी असं काही चालवलं असेल तर तुमच्या अनुभवाची फार गरज आहे.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. आमच्या ताई तर उन्हातान्हात, मनापासून येतात. पण त्यानंतरची ठरलेली भेट एकदम तिसऱ्या महिन्यात, आणि या भेटींत जास्त लक्ष बाळावरच असतं: वजन किती वाढलं, अंगावर नीट पितंय का, ताप आहे का. नेमकी याच मधल्या काळात बाई माहेरून सासरी येते, हंडे उचलायला लागते, काही जणी खुरपणीलाही जातात. तिची कंबर धरलीये का, रात्री डोळ्याला डोळा लागतो का, हे विचारणारं कोणी नसतं.

पहिली अडचण खाण्याची. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेपू हे आमच्याकडे हौसेनं करतात आणि ते चालूच राहावं. पण त्याच्या जोडीला पथ्यं फार. डाळ वातूळ म्हणून बंद, फळं दिली तर बाळाला सर्दी होते म्हणून बंद, काही घरांत तर भर उन्हाळ्यात पाणीसुद्धा मोजून. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज साधारण 600 कॅलरी जास्त लागतात. नुसत्या मऊ भात-तुपावर ती कशी निभावणार? सासूबाईंपुढे विषय काढला की उत्तर ठरलेलं: "आम्ही नाही का काढली बाळंतपणं?" त्यांना दुखवायचं नाही, कारण घरात काय शिजणार हे त्याच ठरवतात. म्हणून बैठकीला सासू-सून दोघींना एकत्र बोलवावं, की सासवांची बैठक वेगळी घ्यावी? सासू समोर असली की सून तोंड उघडत नाही, हेही दिसतंय.

दुसरी, गोळ्या. लोहाच्या लाल गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस रोज एक घ्यायच्या, कॅल्शियमच्या दिवसाला दोन. मिळतात फुकट, पण पाकिटं फळीवर मिठाच्या बरणीमागे तशीच पडलेली असतात. कोणाला मळमळतं, कोणी दोन्ही गोळ्या एकदम चहाबरोबर घेते. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेतली की अंगी कमी लागते, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेलंच नाही. सगळ्यांना सोबत बसवून आठवण करून दिली तर फरक पडतो का?

तिसरी अडचण मला सगळ्यांत मोठी वाटते. खोकलं-शिंकलं की लघवी होते, असं एकीनं जाता जाता, अगदी हळू आवाजात सांगितलं. मग दुसरी म्हणाली, मलाही. सिझर झालेल्यांना तर कोणता व्यायाम कधी सुरू करायचा हेच माहीत नाही; पोटाला लुगडं घट्ट बांधलं की झालं, अशी समजूत. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम शिकवायला गावात येणारी फिजिओथेरपिस्ट कशी मिळवायची? कॉलेजच्या विद्यार्थिनी येतात का? तोवर आपल्या मनानं काही शिकवणं मला धोक्याचं वाटतं.

आणि मन. बाळ झाल्यावर सारखं रडू येणं, बाळाकडे बघावंसंच न वाटणं, याला इथे "बाहेरचं काहीतरी" समजतात. अशी बाई दिसली तर तिला डॉक्टरपर्यंत न्यायचं कसं, घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं? हे कोणी केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा, मी घरोघरी जाऊन तसंच सांगेन.

आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंगणवाडीत ताजं, गरम जेवण मिळतं. आमचा तालुका त्यात येत नाही. म्हणून बैठकीच्या दिवशी गटातर्फे भाकरी, घट्ट वरण आणि पालेभाजी असं जेवण द्यायचा विचार आहे. सगळ्याजणी एकाच पंगतीत डाळ खाताना दिसल्या तर घरातली भीतीही कमी होईल असं वाटतं. अंगणवाडीताई दुपारी खोली द्यायला तयार आहेत. पण दुपारी शेतातली कामं, संध्याकाळी स्वयंपाक. तुमच्याकडे कोणती वेळ जमली?

शेवटचं, पैशाचं. ग्रामपंचायतीला उत्पन्नातला 10 टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून चटया, धान्य आणि फिजिओथेरपिस्टचं मानधन बसवता येतं का? ठराव कसा लिहिला होता? पुढच्या महिला ग्रामसभेत मांडायचा आहे, मसुदा असेल तर इथेच टाका.