लॉक-इन संपायच्या आत घर सोडायचंय, डिपॉझिट बुडेल का?

ए-४०४: नमस्कार. इथे लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होतो. माझी नोकरी गेली आहे. २६,००० भाडं बायकोच्या एकटीच्या पगारात झेपत नाही. करार ११ महिन्यांचा, लॉक-इन (म्हणजे त्याआधी घर सोडायचं नाही) ६ महिने, आजवर ४ महिने पूर्ण. मालक म्हणतात, मध्येच गेलात तर ७८,००० डिपॉझिट विसरा.

बी-६०१: अरेरे. काळजी घ्या. होईल सगळं नीट.

डी-२०३: 🌹शुभ सकाळ🌹 आजचा सुविचार...

सेक्रेटरी: डी-२०३, जरा थांबा हो.

सी-१०२: करार रजिस्टर झालाय का?

ए-४०४: हो काका, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन गेला होता.

सी-१०२: छान. नोंदणी ही मालकाची जबाबदारी, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. नोंदणी नसती तर अटींबाबत आधी तुझं म्हणणं धरलं गेलं असतं. असो. नोटीस किती?

ए-४०४: एक महिना.

सी-१०२: मग हिशोब कर. आज लेखी नोटीस दिलीस तर पाचवा महिना तू राहणार आणि भाडं देणार. उरला सहावा. वाद २६,००० चा आहे, ७८,००० चा नाही.

बी-६०१: पण करारात 'डिपॉझिट जप्त' असं छापलेलं असेल तर?

सी-१०२: छापलेलं असू दे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ बघा. दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. नवा भाडेकरू लगेच आला तर मालकाचं नुकसान कितीसं? मात्र एक लक्षात ठेव, नोकरी गेली म्हणून लॉक-इन आपोआप सुटत नाही. तिथे मालकाशी बोलूनच मार्ग निघेल.

ई-५०२: मी मालक म्हणून बोलते, राग मानू नका. माझ्या फ्लॅटचा हप्ता भाड्यावर चालतो. मागचा भाडेकरू 'डिपॉझिटमधून वळतं करा' म्हणत दोन महिने तसाच बसला, वर भिंती रंगवायला लागल्या त्या वेगळ्याच.

सी-१०२: ताईंचं खरं आहे. ए-४०४, ते अजिबात करू नकोस. भाडं चालू ठेव. आणि मुदत संपल्यावर रेंगाळलास तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट आकार लागतो.

ए-७०१: दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही, असा फॉरवर्ड आला होता ना?

सी-१०२: तो केंद्राचा २०२१ चा आदर्श कायदा. राज्याने स्वीकारला तरच लागू. फॉरवर्डवर केस लढू नका.

सेक्रेटरी: मालकांचा मला मेसेज आलाय, पैसे मिळेपर्यंत सामानाची गाडी गेटबाहेर सोडू नका म्हणून.

सी-१०२: सोसायटीने वसुली करायची नसते. मेन्टेनन्स मालकाकडून घ्या आणि मोकळे व्हा.

सेक्रेटरी: मलाही तेच वाटलं. फक्त शिफ्टिंगची तारीख आधी कळवा, रविवारी दुपारी लिफ्ट देत नाही.

ई-५०२: ए-४०४, माझ्या ऑफिसात एक जोडपं घर शोधतंय. दाखवायला आणू? मालकांना सहावा महिना भरून मिळाला तर भांडण उरतंच कुठे.

ए-४०४: ताई, खरंच आणा. खूप बरं वाटलं.

बी-६०१: जाताना मीटरचं रीडिंग आणि भिंतींचे फोटो काढून ठेवा. चावी दिल्याची पोच लेखी घ्या. आम्ही हे शिकलो ते १५,००० घालवून.

ए-४०४: मालक शनिवारी संध्याकाळी येतायत. काका, तुम्ही थोडा वेळ बसाल का?

सी-१०२: येतो. कराराची प्रिंट काढून ठेव, मला मोबाईलवर दिसत नाही. आणि चहा बिनसाखरेचा.