जपानी डेथमॅच: ट्यूबलाइट बंद होणार हे धरून सांगा, पुढचा टायटल शॉट कुणाला?

लोहारचाळ_दिवेवाला

मंडळी, इथे जपानी डेथमॅच, म्हणजे काच, तार, ब्लेड असलं सामान वापरून होणारी प्रो रेसलिंग, मनापासून बघणारे थोडेच आहोत, पण जे आहेत ते पक्के आहेत. तुमच्याशी एक विषय बोलायचा आहे: टायटल शॉट, म्हणजे चॅम्पियनला बेल्टसाठी आव्हान द्यायची संधी, कुणाला मिळावी.

मी लोहार चाळीत दिव्यांच्या होलसेल दुकानात काम करतो. चार फुटी ट्यूब, पट्टी, चोक, स्टार्टर यातच माझी सगळी नोकरी झाली. आता गिऱ्हाईक येतं ते एलईडी बॅटन मागत. काचेच्या ट्यूबेची पेटी मागणारा एखादा जुन्या सोसायटीचा वॉचमन, नाहीतर कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. आणि हे फक्त आपल्याकडे नाही. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराची बैठक नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हाला झाली, तिथे ठरलं की फ्लुरोसंट ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेर थांबवायची. ज्या मिनामाताचं नाव या कराराला आहे ते गाव जपानातलंच. कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या भोगत राहिली. त्यामुळे जपान यात पळवाट काढेल असं मला वाटत नाही, काढूही नये. गोदामात पडलेला माल काही वर्षं निघेल, पण तो संपणार आणि महाग होत जाणार.

आता बिग जपान आणि फ्रीडम्स या दोन कंपन्यांच्या डेथमॅच डोळ्यासमोर आणा. रिंगच्या दोरांना रांगेने बांधलेल्या ट्यूबा, कोपऱ्यात ट्यूबांच्या मोळ्या. पंचवीसेक वर्षं या खेळाचा चेहरा म्हणजे हीच पांढरी काच.

माझं म्हणणं असं: इथून पुढे बेल्टसाठी त्यालाच उभं करावं, ज्याची मॅच ट्यूबा काढून घेतल्या तरी उभी राहते.

ट्यूब म्हणजे काय ते मला रोज हाताळून माहीत आहे. काच पातळ, आत हवेचा दाब अगदी कमी, म्हणून ती नुसती तुटत नाही, फटाक्यासारखी वाजते. वर आतल्या भुकटीचा पांढरा धूर. तोक्योतल्या कोराकुएन हॉलच्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तो आवाज पोटात जाणवत असणार. जखमा बहुतेक बारीक आणि वरवरच्या, पण रक्त भरपूर, त्यामुळे दिसायला भयंकर. म्हणजे अर्धं काम ट्यूबच करून टाकते. ज्याला साधा हेडलॉक धड लावता येत नाही, असा गडीही दहा ट्यूबांची मोळी पाठीवर फोडून घेतो आणि लोक उठून उभे राहतात. असे कितीतरी जण आव्हानवीर म्हणून पुढे आलेले मी पाहिलेत. मॅच संपल्यावर त्यांचं काहीही आठवत नाही.

माझ्या यादीत पहिलं नाव मासाशी ताकेदा. कात्र्या लावलेला बोर्ड ही त्याची ओळख आहे हे खरं, पण मी त्याला बघतो तो जर्मन सुप्लेक्ससाठी, म्हणजे मागून कंबर धरून उलटं मागे आपटण्यासाठी. कंबरेला मिठी मारली की समोरच्याचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंत तो सोडत नाही. त्याच्यातला मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा माणूस तिथे दिसतो. त्याच्यासमोर कात्र्यांच्या जागी रिकामं लाकूड ठेवा, तरी मी ती मॅच शेवटपर्यंत बघेन.

दुसरा युको मियामोतो. रिंगजवळ बांधकामासारखी परांची उभारून त्याने जी मॅच केली ती शोधून बघा. आपल्या मुंबईत दर दुसऱ्या गल्लीत बिल्डिंग पाडून नवी चढतेय, बांबूच्या परांचीवर माणसं कशी चालतात ते आपण रोज पाहतो. म्हणून उंचीची भीती म्हणजे काय ते आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिथे काचेची गरजच नव्हती.

आणि जुन कासाई. वय पन्नाशीपलीकडे गेलंय, तरी त्याला मी बाजूला काढणार नाही. कारण त्याच्या मॅचमध्ये प्रत्येक वस्तू येते तेव्हा तिच्यामागे कारण असतं. रेझर ब्लेडचा बोर्ड बराच वेळ कोपऱ्यात नुसता उभा असतो. दोघंही त्याच्याकडे बघतात, टाळतात, एकमेकांना त्याच्याकडे ढकलतात, आणि तोवर आपल्याच पाठीवर काटा येतो.

तुमची नावं सांगा. पण नुसती नावं नकोत, कारणासकट.

लालबाग_तालीम

दिवेवाले, विषय चांगला काढलात, पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगतो.

मी लहानपणी तालमीत लाल मातीत लोळलेला माणूस. आमचे वस्ताद एक गोष्ट कायम सांगायचे: जोड लावताना पैलवान आवडतो की नाही हे बघायचं नाही, त्याने कुणाला पाडलंय ते बघायचं. महाराष्ट्र केसरीतही माती विभागातला विजेता आणि गादी विभागातला विजेता, असे दोघं समोरासमोर येतात तेव्हा गदा ठरते. कुणी म्हणालं की अमक्याची कुस्ती डोळ्यांना जास्त सुखद आहे, म्हणून त्याला थेट अंतिम फेरीत घ्या, तर मैदानात लोक ऐकून घेतील का?

जपानातही पद्धती ठरलेल्या आहेत. बिग जपानमध्ये डेथमॅचसाठी स्वतंत्र 'इक्कितोसेन' लीग घेतात. ती जिंकणाऱ्याचा हक्क पहिला. टॅग (जोड्यांच्या) मॅचमध्ये चॅम्पियनला स्वतः पिन केलं (खांदे टेकवून हरवलं) असेल तर त्याचा दुसरा. मॅच संपल्यावर रिंगमध्ये चढून, माइक घेऊन, चॅम्पियनच्या डोळ्यात डोळे घालून मागणी करणं ही तिसरी रीत, आणि तिलाही मी मान देतो, कारण चॅम्पियन 'हो' म्हणेपर्यंत सगळं लोकांसमोर घडतं. यात ट्यूब आहे की नाही हा प्रश्नच येत नाही.

तुम्ही म्हणता ते कसब म्हणून पटतं. ताकेदाची पकड मलाही आवडते, आमच्या तालमीत अशी कंबर धरणाऱ्याला वस्तादांनी खुराक वाढवून दिला असता. पण टायटल शॉट हे बक्षीस आहे. ते निकालावर द्यावं.

अजून एक. बिग जपानकडे २०१२ पासून स्ट्रॉंग विभागाचा वेगळा बेल्ट आहे. तिथे ट्यूब नाही, तार नाही, नुसती जोरकस कुस्ती. ज्याला बिनकाचेची ताकद दाखवायची आहे त्याने तिकडे जावं. डेथमॅचचा बेल्ट डेथमॅच करणाऱ्यांसाठी राहू द्या.

नालासोपारा_नाइट

दादा, मी तर उलटं म्हणेन. ट्यूबा संपणार असतील तर उरलेल्या वर्षांत टायटल शॉट ट्यूबांच्या माणसांनाच द्या. र्‍युजी इतो, अब्दुल्ला कोबायाशी. ज्यांनी ही कला घडवली त्यांना बेल्टसमोर उभं राहून तिचा निरोप घेऊ द्या.

२० नोव्हेंबर २००९, कोराकुएन हॉल, इतो विरुद्ध कासाई. रेझरही होते आणि ट्यूबाही. 'तोक्यो स्पोर्ट्स' या वृत्तपत्राने त्या मॅचला वर्षातली सर्वोत्तम मॅच ठरवलं. त्या वर्षी जपानात मोठमोठ्या स्टेडियममध्ये मोठमोठ्या नावांच्या मॅच झाल्या असतील, आणि मान मिळाला या मॅचला. मी ती पहिल्यांदा बघितली ती नाइट शिफ्टला जाताना लोकलमध्ये, मोबाइलवर. शेजारचे काका वाकून बघायला लागले आणि वसईला उतरायचं विसरले. त्या मॅचमधून काच काढून टाका, मग सांगा ती तीच मॅच राहते का.

आणि कोबायाशीला तुम्ही यादीत धरलंच नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. एवढा अवाढव्य माणूस, पोट सुटलेलं, सगळं अंग व्रणांनी भरलेलं, आणि लोक त्याच्यावर जीव टाकतात.

केईएम_नव्हे_दुसरं_हॉस्पिटल

मी नर्स आहे, कॅज्युअल्टीत ड्यूटी असते. माझ्या घरात कुणालाच कळत नाही की दिवसभर रक्त बघून आल्यावर मी हे का बघते. मला यातली शिस्त बघायला आवडते.

दिवेवाले दादांच्या मुद्द्यात माझी भर. टायटल शॉट देताना एक गोष्ट आधी बघावी: हा माणूस समोरच्याला सांभाळतो का. काचेवर आपटताना मानेखाली हात जातो का, डोळे चुकवून ट्यूब मारतो का, पंच थांबवायला आला तर ऐकतो का. चॅम्पियनसोबत मुख्य लढतीत जाणारा माणूस हा सगळ्या नव्या मुलांचा आदर्श होतो. बेफिकीर माणसाला ती जागा दिली की खालची मुलं तेच शिकतात.

आणि रक्ताचं म्हणाल तर हा काल्पनिक धोका नाही. २०१४ साली कॅनडात ओंटारियोच्या कोर्टाने अब्दुल्ला द बुचर या जुन्या रेसलरने डेव्हन निकोल्सन या रेसलरला २३ लाख डॉलर भरपाई द्यावी असा आदेश दिला. मॅचमध्ये वापरलेल्या ब्लेडमधून हेपॅटायटिस सी झाल्याची ती केस होती. तपासण्या, मॅचनंतर काचा काढणं, टाके, टिटॅनसचं इंजेक्शन हे सगळं ज्या कंपनीत नीट होतं, तिथल्याच बेल्टला मी बेल्ट मानते.

माझं नाव: रिना यामाशिता. २०२२ मध्ये अमेरिकेत जीसीडब्ल्यू या रेसलिंग कंपनीची 'टूर्नामेंट ऑफ सर्व्हायव्हल' तिने पुरुषांच्या गर्दीत जिंकली. तालीमवाले काका, तुमच्याच नियमाने बोलते, तिने पाडलंय आणि जिंकलंय. मग कुठल्याही डेथमॅच बेल्टच्या रांगेत तिला वर का घेऊ नये? आणि रिसा सेरालाही बघा. तिने आईस रिबन या बायकांच्या रेसलिंग कंपनीत असताना आणि नंतर प्रॉमिनन्स या गटात बायकांच्या डेथमॅचसाठी जितकं काम केलंय तितकं क्वचितच कुणी केलं असेल.

लोहारचाळ_दिवेवाला

तालीमवाले, तुमचं निकालाचं म्हणणं मी मान्य करतो, पण एका अटीवर. आखाड्यात कोण कुणाला पाडणार हे दोन पैलवान ठरवतात. प्रो रेसलिंगमध्ये निकाल बुकर, म्हणजे कंपनीचा मॅच आखणारा माणूस, ठरवतो. लीग कुणी जिंकायची हेही कुणीतरी माणूसच ठरवतो. म्हणजे लायक कोण हा प्रश्न लीगच्या आधीच सुटलेला असतो, आणि मी त्याच खोलीतल्या माणसाशी बोलतोय. त्याने कुणाला जिंकवावं? माझं उत्तर तेच.

आणि डेथमॅचमधून काच काढली तर ती डेथमॅच राहत नाही, हे तर मला बिलकुल मान्य नाही. ४ ऑगस्ट १९९०, तोक्योतलं शिओदोमे. ओनिता आणि तारझान गोतो हे रेसलर, दोरांच्या जागी स्फोट होणारी काटेरी तार. ट्यूब कुठे होती? त्या वर्षीही तोक्यो स्पोर्ट्सचा सर्वोत्तम मॅचचा मान तिलाच मिळाला होता. २० ऑगस्ट १९९५, कावासाकी स्टेडियम, आयडब्ल्यूए जपान या कंपनीची 'किंग ऑफ द डेथमॅच' स्पर्धा, फायनलला कॅक्टस जॅक आणि टेरी फंक. काटेरी तार, खिळ्यांचा बोर्ड, स्फोटकं. ट्यूबा जोरात आल्या त्या ९०च्या दशकाच्या शेवटी, बिग जपानमध्ये, होन्मा आणि त्याच्या पिढीबरोबर. म्हणजे हा खेळ काचेच्या आधी होता. काचेनंतरही राहील, फक्त तो कोण करतो ते महत्त्वाचं. म्हणूनच आत्ता, माल शिल्लक असताना, पुढच्या पिढीचे आव्हानवीर घडवायला हवेत. २०२८ उजाडल्यावर शोधाशोध करून चालणार नाही.

नालासोपारावाले, २००९ची मॅच तुम्ही पुन्हा एकदा बघा, या वेळी आवाज बंद करून. मी दुकानात दुपारी तशीच बघतो, शेठ गल्ल्यावर असतात म्हणून. आवाज नसला की ट्यूब अर्धीच उरते. मग दिसतं की रेझर बोर्डाभोवतीचा खेळच त्या मॅचचा कणा आहे. इतो आणि कासाई मोठे आहेत ते त्यासाठी. कोबायाशीला निरोपाची एक मोठी मॅच मिळावी, यात माझं दुमत नाही. ती बेल्टसाठी असायलाच हवी असं नाही.

ताई, सांभाळण्याचा तुमचा मुद्दा मी माझ्या मुद्द्याच्या वर ठेवतो. जो काचेशिवाय मॅच उभी करू शकतो त्याला समोरच्याच्या अंगाचं भान असतंच, नाहीतर तो उभी करूच शकणार नाही. प्रॉमिनन्सचं नाव घेतलंत म्हणून सुझू सुझुकीचं सांगतो. कोवळ्या वयात डेथमॅचमध्ये उतरलेली मुलगी, रिसा सेराबरोबर प्रॉमिनन्समध्ये होती, मग स्टारडम या बायकांच्या रेसलिंग कंपनीत गेली आणि तिथली २०२३ची फाइव्ह स्टार ग्रांप्री लीग जिंकली. तिथे हातात ना ट्यूब ना तार. डेथमॅचमध्ये शिकलेली कुस्ती कुठेही चालते याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा नाही. अशी मुलं-मुली शोधायची आणि त्यांना मुख्य बेल्टसमोर आणायचं.

माझा क्रम आता असा: ताकेदा, मग यामाशिता, मग मियामोतो. कासाईला मी चॅम्पियनच्या जागी ठेवेन, म्हणजे या तिघांना त्याच्याकडून काहीतरी घेता येईल.

लालबाग_तालीम

बुकरचा मुद्दा खरा. तरीही बुकरने पाळावी अशी रीत असावी, नाहीतर उद्या नुसती लोकप्रियता चालेल. यामाशिताचं मला पटलं, ती माझ्या मोजपट्टीवरही बसते. मियामोतोच्या आधी मात्र मी व्हायोलेंटो जॅकला घेईन. मेक्सिकोहून येऊन जपानात राहिला, फ्रीडम्सचा बेल्ट कमावला, आणि त्याच्या हातात काच असो वा नसो, तो लुचाचा, म्हणजे मेक्सिकन रेसलिंगचा, माणूस आहे, हवेत जातो तेव्हा कळतं.

नालासोपारा_नाइट

आवाज बंद करून बघितली. दादा, कोबायाशीवर मी अडूनच आहे. बाकी ताकेदा पहिला, चालेल. परांचीवाल्या मॅचची लिंक द्या की कुणीतरी.