गटारच नाही तर नमुना कुठून घेणार?
वर कोणीतरी लिहिलंय की सांडपाणी तपासून साथ ओळखणं हे कोरोनानंतरचं फॅड आहे. अहो तसं नाहीये, मुंबईत पोलिओसाठी गटारातलं पाणी २००१ पासून तपासतायत, आणि देशातली रानटी पोलिओची (म्हणजे लसीतून न आलेल्या, मूळ विषाणूच्या) शेवटची केस २०११ ची, हावड्याची, म्हणजे आधीपासूनच चालू होतं. ज्याला लागण होऊनही काहीच लक्षणं नाहीत त्याच्याही शौचातून विषाणू पडतो, म्हणून तर हे जमतं.

पण हे सगळं ड्रेनेज लाइन असलेल्या शहरांचं. आमच्या गावात निम्म्या घरांचं शोषखड्ड्यात जातं, बाकीच्यांच्या सेप्टिक टँक, त्या पण पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तुंबल्याशिवाय कोणी उघडत नाही, मग एकाच मेनहोलमधून अख्ख्या गावाचा अंदाज येणार कसा? २०२४ ला मेघालयात लसीतल्या विषाणूपासूनचा पोलिओ (तोंडावाटे द्यायच्या लसीतला कमजोर विषाणू पसरता पसरता बदलून होतो तो) निघाला तो वेस्ट गारो हिल्ससारख्या भागात, आणि कळलं कधी, तर पोरगं आजारी पडल्यावर.

मला वाटतं आश्रमशाळेची टाकी, एसटी स्टँडचं संडास, मैला उपसणारा टँकर, इथून नमुने घ्यावेत. टँकरमध्ये चार घरांचं एकत्र होतं ते सोडा, पण निदान काहीतरी हाती लागेल. नमुना बर्फात ठेवून लॅबपर्यंत नेणार कोण, हा खरा लोचा आहे.