गच्चीवरचे फ्लडलाइट थेट पाणथळीवर पडतात. सोसायटीच्या ठरावात नेमकं काय लिहावं? (नेरुळ)

खाडीकाठ
पाम बीच रोडलगतची सोसायटी. गच्चीच्या कठड्यावर १०० वॉटचे, ६५०० केल्विनचे (म्हणजे निळसर पांढऱ्या प्रकाशाचे) सहा फ्लडलाइट रात्रभर चालू असतात. निम्मा उजेड समोरच्या पाणथळीवर आणि शेजारच्या इमारतीच्या खिडक्यांवर जातो. वार्षिक सभेत ठराव मांडायचा आहे. नुसतं ‘दिवे कमी करा’ म्हटलं की सुरक्षेचा मुद्दा निघतो आणि विषय संपतो. आकडे काय घालावेत? आणि बाहेरच्या दिव्यांची तक्रार कोणाकडे करायची?

कलमवाचक
प्रकाश प्रदूषणाचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, म्हणून दिवा कोणाचा यावरून दार बदलतं. प्रकाशित जाहिरात फलक असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं २४४ आणि २४५. अर्ज परवाना विभागाकडे, फलकावरच्या परवाना क्रमांकाच्या फोटोसह. झाडांवरच्या माळा असतील तर १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा, अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे. खासगी दिव्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे, पण ते सार्वजनिक उपद्रवासाठी. एकाच घराच्या बेडरूममध्ये उजेड येतो एवढ्यावर अर्ज टिकत नाही. निरनिराळ्या इमारतींतल्या रहिवाशांच्या सह्या आणि मोजमाप जोडा.

लक्समीटर
ठरावात मोजता येईल तेच लिहा. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाच्या (सीआयई) मार्गदर्शिका क्रमांक १५० मध्ये उपनगरी निवासी भागासाठी खिडकीवरच्या उभ्या प्रकाशाची मर्यादा रात्रीच्या ठरलेल्या वेळेआधी १० लक्स, नंतर २ लक्स आहे (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं एकक). ती वेळ रात्री ११ धरा. आपल्याकडे हे बंधनकारक नाही, पण सभा स्वतःसाठी स्वीकारू शकते.

मोजताना खोलीतले दिवे बंद, लक्समीटरचा सेन्सर खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा, तोंड बाहेर. वादातला दिवा चालू असताना एक आकडा, बंद असताना दुसरा. वजाबाकी म्हणजे त्या दिव्याचा वाटा. मोबाइलचं अ‍ॅप २ लक्सच्या आसपास भरवशाचं नसतं, आणि सभेत पहिली हरकत त्यावरच येते.

दिवा ३००० केल्विन किंवा त्याखालचा, म्हणजे पिवळसर प्रकाशाचा घ्या. निळसर प्रकाश हवेत जास्त विखुरतो, त्यामुळे तेवढ्याच उजेडात आकाश जास्त उजळतं. काच जमिनीला समांतर ठेवा. खरी गडबड इथेच होते: साधा फ्लडलाइट आडवा केला की फक्त भिंतीचा पायथा उजळतो, मग वॉचमन तक्रार करतो आणि महिन्याभरात कोणीतरी तो पुन्हा वर उचलतो. म्हणून असममित लेन्सचा दिवा लागतो; त्याची काच आडवी ठेवूनही प्रकाश पुढे पडतो. आतल्या रस्त्याला सरासरी ४ लक्स पुरतात. कमी रहदारीच्या दुय्यम रस्त्यांसाठी आयएस १९४४ हे रस्त्यांवरच्या दिव्यांचं भारतीय मानक हाच आकडा देतं. सुरक्षेच्या मुद्द्याला हे उत्तर सभेत द्याच, कारण डोळ्यांवर येणाऱ्या झगमगाटात गेटजवळचा माणूस उलट कमी दिसतो.

खाडीची खारी हवा आहे, तेव्हा नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. कोन बदलल्यावर केबल ग्लँडचं (वायर दिव्यात शिरते त्या जोडाचं) तोंड खालीच राहिलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी शिरतं.

खाडीकाठ
११ वाजता बंद करायला साधा टायमर चालेल?

वायरमन_ठाणे
टायमर थेट दिव्यांना जोडू नका. एलईडी ड्रायव्हर (दिव्यातल्या एलईडीला वीज पुरवणारा भाग) चालू होताना क्षणभर खूप करंट ओढतात. टायमरचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि दिवे बंदच होत नाहीत. मध्ये कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर चालणारा, जास्त करंट झेलणारा स्विच) घाला. टायमर बॅटरी बॅकअपवाला हवा, नाहीतर वीज गेली की घड्याळ मागे पडतं. सूर्यास्तानुसार चालणारा मिळाला तर उत्तम: आपल्याकडे सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास, जुलैत सव्वासातनंतर.

सगळे दिवे एका सर्किटवर ठेवू नका. गच्चीचे ११ ला पूर्ण बंद. गेट आणि पार्किंगला अडीच-तीन मीटर उंचीवर मोशन सेन्सर. साध्या ड्रायव्हरला रेग्युलेटर लावून उजेड कमी करायला जाऊ नका, दिवा लुकलुकतो.

पालिकेचा खांब खिडकीत चमकत असेल तर खांबाचा क्रमांक देऊन विद्युत विभागाकडे दिव्याच्या मागच्या बाजूला शील्ड मागा. ‘दिवा काढा’ असा अर्ज केलात तर रस्त्यावर उजेड देणं पालिकेचं कर्तव्य आहे, एवढंच उत्तर येईल.