मदत हवी आहे: भावाचं फुप्फुसाचं बीपी, गोळी सुरू करू का?

चामोर्शीकर: भावाच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) फुप्फुसाचं बीपी निघालं. जिना चढला की धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात. डॉक्टरांनी सिल्डेनाफिल 20 लिहून दिली. मेडिकलवाला चिठ्ठी पाहून गालात हसला, आई बाजूलाच उभी. घरी येऊन नेटवर पाहतो तर ही व्हायग्रातलीच गोळी! द्यायची का नाही? लवकर सांगा, रात्रपाळी आहे.

निवांत_पुणे: वय? सिगरेट? इकोतले आकडे? बाकी हसण्यासारखं काही नाही, फुप्फुसाच्या रक्तदाबासाठी हे औषध 2005 पासून मंजूर आहे. आमचे सासरे त्यावरच हिंडू-फिरू लागले. बिनधास्त द्या.

चामोर्शीकर: 26. सिगरेट नाही. एसएस आहे, बाकी काही नाही.

निवांत_पुणे: एसएस म्हणजे?

चामोर्शीकर: सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. आमच्याकडे हे कोणी विचारत नाही.

लॅबवाला_नागपूर: अहो, पण हेच आधी सांगायचं ना! थांबा जरा. सिकलवाल्यांवर या गोळीची अमेरिका-ब्रिटनमध्ये चाचणी झाली होती, ती 2009 मध्ये अर्ध्यातच थांबवली. गोळी घेणारेच दुखणं उठून जास्त भरती होत होते. डॉक्टरांना सिकल माहीत आहे का? इकोतली टीआर व्हेलॉसिटी, म्हणजे हृदयाच्या उजव्या झडपेतून उलट येणाऱ्या रक्ताचा वेग, किती? इको कधी काढला?

निवांत_पुणे: उगाच घाबरवताय. सिकलमध्ये पेशी फुटतात, सुटलेलं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं, रक्तवाहिन्या आवळतात. ही गोळी नेमकं त्यावरच काम करते की.

लॅबवाला_नागपूर: कागदावर बरोबर. म्हणून तर चाचणी घेतली होती.

हिरवा_ज्वारा: गव्हांकुराचा रस, अनाशेपोटी. मेहुणीचं हिमोग्लोबिन 7 वरून 11 झालं.

लॅबवाला_नागपूर: मेहुणीला सिकल आहे का?

हिरवा_ज्वारा: नाही. पण रक्त ते रक्तच.

भंडाऱ्याची_ताई: दादा, एसटीचा मोफत पास काढला का? 2016 च्या कायद्यात सिकल दिव्यांगात येते, प्रमाणपत्रही काढून घ्या.

चामोर्शीकर: ताई, पासचं नंतर. टीआर 3.1 लिहिलंय. क्रायसिसमध्ये, म्हणजे सिकलचं दुखणं उठून, भरती होता तेव्हाच इको काढला. हे डॉक्टर हार्टचे, नवीन. सिकलचं कार्ड खिशात होतं, कोणी मागितलं नाही.

लॅबवाला_नागपूर: क्रायसिसमध्ये तो आकडा चढतोच. दुखणं बसलं की पुन्हा इको करा, सोबत एनटी-प्रोबीएनपी, हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी. इकोत 2.5 च्या वर गेलेल्या सगळ्यांनाच हा आजार नसतो, पक्कं निदान हृदयाच्या उजव्या बाजूत कॅथेटर (नळी) घातल्यावरच होतं. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या आहेत का ते पाहायला व्हीक्यू स्कॅनही विचारा. पण 3.1 आणि वर धाप, सूज, म्हणजे महिनाभर लांबवू नका. हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे?

चामोर्शीकर: मधात संपली, मग राहिलीच. काहून?

लॅबवाला_नागपूर: पेशी कमी फुटाव्यात म्हणून तीच तर मुख्य. जिल्हा रुग्णालयात फुकट मिळते.

निवांत_पुणे: डॉक्टरांनी लिहिलेलं औषध फोरमवर बंद करणं मला पटत नाही.

लॅबवाला_नागपूर: बंद कोण करतंय? अजून सुरूच कुठे झालीय!

चामोर्शीकर: भांडू नका बाप्पा. हो की नाही, एवढंच सांगा.

लॅबवाला_नागपूर: सकाळी त्याच डॉक्टरांना फोन करून "एसएस आहे" सांगा, तोवर पाकीट फोडू नका. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर फोनची वाट न बघता सरळ दवाखान्यात.

चामोर्शीकर: ठीक. निघतो.

हिरवा_ज्वारा: ताई, तो पास निमआराममध्ये चालतो का?