कुत्र्याचा खोकला हटत नाहीये. तुमचे अनुभव लिहा

आमची डॅशहुंड गुंडी आता उतारवयाला लागली आहे. महिना उलटून गेला तरी तिचा खोकला जात नाही. कोरडी ढास लागते, शेवटी ओकारी आल्यासारखं होऊन थोडा पांढरा फेस पडतो आणि पुढच्या मिनिटाला बाईसाहेब शेपूट हलवत फिरायला मोकळ्या. खाणंपिणं व्यवस्थित. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं, परत सुरू. आता छातीचा एक्स-रे काढायला सांगितलाय.

ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी लिहा: निदान काय निघालं, खोकला कधी आणि कसा यायचा, घरात काय बदललंत? 'आमचा आपोआप गेला' एवढ्यावर थांबू नका प्लीज.

*

फेसाबद्दल आधी. ती बहुतेक उलटी नसते. उलटीच्या वेळी पोट जोरात आत-बाहेर होतं आणि अन्न किंवा पित्त पडतं. खोकल्याची उबळ संपताना येतो तो नुसता कफ आणि लाळ.

आमच्याकडे केनेल कफ होता, म्हणजे कुत्र्याकुत्र्यांत पसरणारा संसर्गजन्य खोकला. बोर्डिंगमधून घरी आणल्यावर काही दिवसांतच सुरू झाला. संसर्गानंतर साधारण 2 ते 14 दिवसांत लक्षणं दिसतात. जंतू एकच नसतो, बोर्डेटेला, पॅराइन्फ्लुएन्झा, एडिनोव्हायरस असे बरेच जण मिळून हा उद्योग करतात. त्यामुळे लस घेतली होती तरी झाला, पण हलका गेला. घरातल्या दुसऱ्या कुत्र्यापासून वेगळा ठेवला, पाण्याची भांडी वेगळी केली. एरवी धडधाकट कुत्रा बहुधा 1 ते 3 आठवड्यांत यातून बाहेर येतो. पिल्लं आणि म्हातारी कुत्री मात्र न्यूमोनियाकडे जाऊ शकतात. तुमचा महिना उलटलाय म्हणजे नुसतं हेच असेल असं मला वाटत नाही.

*

पॉमेरेनियन पाळणाऱ्यांनी हे वाचाच. आमच्या मोतीचा खोकला म्हणजे बदक ओरडल्यासारखा आवाज. दारावरची बेल वाजली की सुरू, पट्टा ओढला की सुरू, घाईघाईत पाणी प्यायला की सुरू. रात्री मात्र शांत झोप. एवढं वर्णन ऐकूनच डॉक्टरांना अंदाज आला होता: ट्रेकियल कोलॅप्स.

श्वासनलिकेला अर्धवट गोल कूर्चेच्या कड्या असतात. त्या मऊ पडल्या की नळी चपटी होते. गंमत म्हणजे पहिला एक्स-रे अगदी नॉर्मल आला. मानेतला भाग श्वास घेताना दबतो आणि छातीतला सोडताना, त्यामुळे फोटो कोणत्या क्षणी निघतो त्यावर सगळं अवलंबून. शेवटी हलत्या एक्स-रेवर, म्हणजे फ्लुरोस्कोपीवर, स्पष्ट दिसलं.

हा पूर्ण बरा होत नाही, आटोक्यात ठेवायचा असतो. गळ्यातला पट्टा त्याच दिवशी गेला आणि छातीचा हार्नेस आला. डॉक्टरांनी खोकला दाबणारं औषध दिलंय, ते फार उबळ आली तरच. पण खरा फरक पडला तो वजन उतरवल्यावर. घरातल्या प्रत्येकाने गुपचूप भरवणं बंद करणं हे त्यातलं सर्वांत अवघड काम, कुत्र्यापेक्षा माणसंच ऐकत नाहीत. फारच वाढलं तर नळीत स्टेंट घालतात, आम्हाला अजून तरी गरज पडलेली नाही.

*

डॅशहुंड आणि उतारवय म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न: कुणी स्टेथोस्कोप लावून हृदय नीट ऐकलं का?

आमचीही डॅशहुंडच. डावीकडची मायट्रल झडप जाड होऊन गळायला लागली होती. लहान चणीच्या, वय झालेल्या कुत्र्यांमध्ये हृदयाचा हाच विकार सर्वांत जास्त. झडप गळते, डावा कप्पा फुगतो आणि वरून जाणाऱ्या श्वासनलिकेच्या फांदीवर दाबतो, म्हणून खोकला. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, सगळं कळलं.

नुसत्या खोकल्यावरून हृदय किती बिघडलंय ते ठरत नाही. डॉक्टरांनी आम्हाला झोपेतले श्वास मोजायला शिकवलं: गाढ झोपेत असताना 30 सेकंद छातीची वरखाली मोजायची आणि दुप्पट करायची. मिनिटाला 30 च्या आत असेल तर ठीक, सतत वर जायला लागलं तर फुफ्फुसात पाणी साठत असेल, लगेच फोन करायचा. मी वहीत रोजचा आकडा लिहिते. एकदा आकडा चढलेला दिसला म्हणूनच वेळेत पोचलो, खोकला तर नेहमीइतकाच होता.

पिमोबेंडान हे हृदयाचं औषध चालू आहे, ते रिकाम्या पोटी, जेवणाच्या तासभर आधी. नंतर अंगातलं जास्तीचं पाणी काढणारं फ्युरोसेमाइडही सुरू झालं. त्याने लघवी वाढते, तहान वाढते. घरात शी-शू होते म्हणून पाणी कमी करू नका, भांडं कायम भरलेलं हवं. मधूनमधून किडनीच्या तपासण्याही कराव्या लागतात.

*

आमच्या शेरूला हार्टवर्म, म्हणजे हृदयात आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत वाढणारे जंत. डासांमधून होतो. अळी शिरल्यावर मोठी व्हायला साधारण 6 महिने लागतात, त्यामुळे त्याआधी टेस्ट केली तर निगेटिव्ह येऊ शकते. उपचारात इंजेक्शनपेक्षा विश्रांतीनेच जीव काढला, आमचा. मेलेले जंत तुटून फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून पळणं, उड्या, सगळं बंद. तरुण कुत्र्याला हे कोण समजावणार!

*

एक सूचना. मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. आम्ही ज्याला खोकला म्हणत होतो ते रिव्हर्स स्नीझिंग निघालं: मान ताठ करून नाकाने फुरफुर हवा आत ओढायची. क्लिनिकमध्ये गेल्यावर आमचं ध्यान अजिबात करून दाखवत नव्हतं.

*

(गुंडीवाली) व्हिडिओ काढला, धन्यवाद! तोवर घरातलं खोकल्याचं सिरप चालेल का?

*

नाही. बऱ्याच सिरपमध्ये काय काय मिसळलेलं असतं. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याची साखर एकदम खाली जाते, यकृतही जाऊ शकतं. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आपल्या मनाने कधीच नाही. शिवाय ओला, कफाचा खोकला दाबून टाकला तर कफ आतच राहतो. हे मी जरा चिडून लिहितेय, कारण हा प्रश्न दर वेळी येतो.

*

आमच्याकडे सगळ्या तपासण्या होऊन शेवटी क्रॉनिक ब्राँकायटिस ठरलं. दोन महिन्यांच्या वर रोजचा खोकला आणि बाकी कारणं बाद, असं ते निदान. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी खोकला थांबला, पण भूक आणि तहान अशी वाढली की विचारू नका. मग इन्हेलरवर आलो, मास्क आणि स्पेसर (इन्हेलर आणि मास्कच्या मधली नळी) लावून. आधी नुसता मास्क हुंगायला दिला, बक्षीस दिलं, मग हळूहळू नाकाला लावला. आता मास्क दिसला की स्वतःच तोंड पुढे करते. घरातलं धूम्रपान आणि रूम फ्रेशनर दोन्ही बंद केलं, तेही मोजा.

*

म्हातारा लॅब्रॅडॉर असेल आणि पाणी पिताना ठसका लागत असेल, भुंकणं घोगरं झालं असेल, तर स्वरयंत्राचा पक्षाघात तपासून घ्या. आमच्याकडे तेच होतं. उन्हात फिरवणं बंद.

*

हिरड्या निळसर, मान लांब करून कोपरं बाहेर काढून श्वास घेणं, खोकताना कोसळणं: यातलं काहीही दिसलं तर हा धागा वाचत बसू नका, निघा.

*

(गुंडीवाली) काल झोपेतले श्वास मोजले, 22 आले. हृदयाचं आता स्पष्ट विचारणार आहे. गुंडी एका जागी टिकत नाही, एक्स-रेला भूल देतात का?

*

बहुतेकदा दोघांनी धरून निघतो. फारच वळवळ असेल तर हलकी गुंगी देतात, पण त्याआधी हृदय ऐकून घ्या म्हणावं. आणि व्हिडिओ टेबलावर घ्यायच्या आधी दाखवा, नंतर सगळे घाईत असतात.